एक तास दहा मिनिटं

फोन वाजला तेव्हा मी कांदा चिरत होते. ओल्या हातानंच उचलला. पलीकडं शेवंता.

"सुटली गं मालन. लाल पट्ट्याचं इमान घेऊन निघाली. सकाळपासून नुसत्या चहावर हाय, पोटात काही न्हाई. पोहे जरा सढळ हातानं कर."

मी घड्याळाकडं पाहिलं आणि दारामागच्या कॅलेंडरवर, त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिलं : ९:०२ सुटले.

"आन् ऐक," शेवंता म्हणाली. मग उगीच थांबली. "काही न्हाई. ठेवते."

शेवंता एकदा "ऐक" म्हणाली की पाव तास ऐकवायची. त्या दिवशी तिनं फोन ठेवला. मला नवल वाटलं, पण कांदा डोळ्यांत गेला होता, तेवढ्यात विसरूनही गेले.

आमच्या धामखेड्याला विमानतळ म्हणायचं ते पाटीवर लिहिलंय म्हणून. एक धावपट्टी, पत्र्याची एक मोठी शेड, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आणि माझं कॅन्टीन. शेवंताच्या लिंबसांगवीलाही तेवढंच. दोन्ही धावपट्ट्या एका विमानशाळेनं भाड्यानं घेतल्या होत्या. पोरंपोरी विमान शिकायला यायची आणि लांबच्या फेरीला इकडून तिकडं, तिकडून इकडं एकेकटी उडायची. मध्ये कन्नडचा घाट, मग गोदावरी, मग बीडकडचं माळरान. एसटीनं जायचं तर औरंगाबादला गाडी बदलून आठ तास. विमानानं एक तास दहा मिनिटं.

हा हिशोब शाळेतल्या साहेबांइतकाच आम्हा दोघींना पाठ होता. त्याला कारण पोहे. मागं एकदा लिंबसांगवीहून आलेला एक मुलगा उतरल्या उतरल्या गवतात चक्कर येऊन बसला होता, उपाशी निघाला म्हणून. पुढच्या खेपेला शेवंतानं स्वतःहून फोन केला, की बाई, एक निघालाय, तोंडात घालायला काहीतरी तयार ठेव. तेव्हापासून रीतच पडली. विमान सुटलं की इकडची तिकडं फोन करणार. चाळीस मिनिटांनी कांदा, पंचावन्न मिनिटांनी पोहे भिजवायचे, चाकं टेकायला आणि झाकण काढायला एक गाठ पडली पाहिजे. सात वर्षांत आमचा अंदाज पाच मिनिटांच्या वर चुकला नाही. सात वर्षांत आम्ही एकमेकींना पाहिलंही नाही. तिचा फक्त आवाज माझ्याजवळ होता. जाडसर, मागं सतत कुणाला तरी हाकारणारा. माझ्या पहिल्या नातीचं नाव तिनं सुचवलेलं. तिच्या गुडघ्याचं दुखणं तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळायचं.

वेळा लिहून ठेवायची सवय मात्र माझी एकटीची. शेवंताला लिहिता येत नव्हतं. मलाही काय, चौथीत शाळा सुटली. अक्षरं जुळवून वाचायची, कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहायची, एवढंच. विमानाची वेळ लिहायची तर मी लिहायची, 'नवाला थोडी जास्त'. ते वाचून प्रणिता हसली होती.

प्रणिता ढाकणे. शिकायला आलेल्या बारा जणांत ती एकटी मुलगी, बावीस वर्षांची, बीडकडच्या एका वस्तीवरची. बाकीची पोरं ताट उचलूनही द्यायची नाहीत. ही दुपारी माझ्याकडं तांदळाच्या पोत्यावर येऊन बसायची आणि लसूण सोलायची. "मावशी, नवाला थोडी जास्त म्हणजे किती? दोन मिनिटं की दहा? विमानात दोन मिनिटांत माणूस दुसऱ्या तालुक्यात जातो." मग तिनं माझ्या हातात पेन्सिल दिली. आधी तास, मग एकाखाली एक दोन टिंबं, मग मिनिटं. मला टिंबं शेजारी शेजारी पडायची. आठ दिवस घोटवून घेतलं तिनं. पहिल्यांदा धड जमलं तेव्हा मी त्या चौकोनाकडं दिवसभर येताजाता बघत होते.

त्या दिवशीची तिची फेरी शेवटची होती. एवढी झाली की परीक्षा, आणि परीक्षा झाली की लायसन. मधल्या काळात चूक करून चालणार नव्हतं, कारण लोहोकरे साहेब. ते शाळेचे मुख्य शिक्षक. त्यांनी वर्गातल्या नकाशावर धामखेडे ते लिंबसांगवी अशी पट्टीनं रेघ मारून ठेवली होती. नव्या पोरांना पहिल्या दिवशी तिच्यापुढं उभं करून सांगायचे, ह्या रेघेवरून जायचं, ह्याच रेघेवरून यायचं, रेघ सोडली त्यानं त्याच दिवशी ट्रंक बांधायची. दोन वर्षांपूर्वी एका मुलानं मित्राच्या गच्चीवरून विमान खाली नेलं होतं. ते विजेच्या तारेत गेलं. साहेब स्वतः त्याच्या घरी निरोप द्यायला गेले होते. म्हणून त्यांच्या ह्या नियमाला कुणी काही म्हणत नसे.

दहा वाजून बारा मिनिटांनी प्रणिता यायला हवी होती. मी दहाला पोहे टाकले, वरून कोथिंबीर, खोबरं, आणि झाकण ठेवून दारात उभी राहिले. सव्वादहा झाले. साडेदहा झाले. आभाळ कोरडं ठक्क. पोहे गार झाले म्हणून पुन्हा पाण्याचा हबका मारून वाफ आणली. शेवंताला फोन लावला तर तिनं उचलला नाही. मला त्या तारेतल्या मुलाचे बूट आठवायला लागले. माझ्या दारासमोर काढून ठेवायचा तो.

दहा पन्नासला लाल पट्टा दिसला.

ती आत आली ती वाऱ्यासारखी. गाल लाल, केस विस्कटलेले, आणि चेहऱ्यावर असं काही, देव नवसाला पावल्यावर बायकांच्या चेहऱ्यावर असतं तसं. दोन बशा पोहे तिनं उभ्यानंच खाल्ले.

"किती गं उशीर. जीव खाली-वर झाला माझा."

"वारा तोंडावर होता मावशी."

बाहेर वाऱ्याची पिशवी सकाळपासून मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखी लोंबत होती. ती मलाही दिसत होती आणि तिलाही. मी ओठाला लागलेली कोथिंबीर तेवढी पूस म्हटलं. ती गेल्यावर कॅलेंडरवर लिहिलं : १०:५० आले. पोहे २ वेळा.

दुपारी साहेब चहाला आले. बरोबर मेकॅनिक होता. दोघांचं आपसात चाललं होतं, की लाल पट्ट्यात पेट्रोल जरा जास्तच जळलंय, पण इंजिनाचे तास मोजायचं मीटर महिनाभर बंद आहे, कळणार कसं. वह्या तर चोख होत्या. लिंबसांगवीला वहीत वेळ लिहायची ती ज्याची त्यानंच. रखवालदार फक्त वही पुढं करायचा. तिथं प्रणितानं नऊ चाळीस लिहिलं होतं. नऊ चाळीसला सुटलं, दहा पन्नासला आलं. एक तास दहा मिनिटं.

मला हे वहीतलं काहीच ठाऊक नव्हतं. मी आपली चहा गाळता गाळता गमतीनं बोलून गेले, की साहेब, तुमच्या त्या लाल पट्ट्यापायी आज माझे पोहे गार झाले, दोनदा वाफ द्यावी लागली.

साहेबांनी कप खाली ठेवला.

"किती वाजता गार झाले, वहिनी?"

त्यांच्या आवाजावरून मला कळलं, की मी काहीतरी सांडलंय. म्हटलं, असेल दहा-सव्वादहा, मी काय बघितलं नाही. ते हसले. चहा तसाच ठेवून गेले.

चार वाजता त्यांनी सगळ्या मुलांना कॅन्टीनमध्ये बोलावलं. अकरा मुलगे भिंतीला लागून, प्रणिता मधोमध. साहेब माझ्या टेबलाशी बसले आणि म्हणाले, वहिनी, एक बशी पोहे द्या. मी करून दिले. त्यांनी ते सावकाश, एकेक शेंगदाणा वेचून संपवले. तोवर कुणी हललं नाही. मग रुमालानं हात पुसून त्यांनी मला विचारलं, की लिंबसांगवीहून फोन किती वाजता आला होता.

मी प्रणिताकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. छताकडं, गॅसकडं, मीठमसाल्याच्या डब्यांकडं, सगळीकडं बघत होती. एक फक्त दारामागं बघत नव्हती. कॅलेंडर तिथं होतं आणि ते त्या खोलीत तिला आणि मलाच ठाऊक होतं.

"नऊच्या पुढं कधीतरी," मी म्हटलं.

साहेबांनी फोन पुढं ओढला, लिंबसांगवी लावलं आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरचं बटण दाबलं. शेवंताचा आवाज त्या खोलीत असा मोठ्यानं ऐकून मला उघड्यावर पडल्यासारखं झालं. साहेबांनी विचारलं, आणि ती लगेच म्हणाली, "नऊ चाळीसला, साहेब. मीच फोन केला मालनला. नऊ चाळीस."

शेवंतानं उभ्या जन्मात मिनिटं सांगितली नव्हती. तिच्याकडून कुणीतरी पाठ करून घेतलं होतं. आता फक्त मी हो म्हणायचं होतं. माझी चूक झाली एवढंच म्हणायचं होतं.

साहेबांनी मान डोलावली. "मग वहिनी, गडबड तुमचीच झाली म्हणायची. होतं असं. फोडणीच्या नादात नऊ काय आणि पावणेदहा काय. तुमचं घड्याळ म्हणजे चुलीवरचं." मुलं हसली. अकराच्या अकरा हसली. "नुसत्या पोह्यांवरून मी एका पोरीवर संशय घेत होतो. जा रे सगळे."

मुलं हलली. प्रणितानं श्वास सोडलेला मी ऐकला. तेवढ्यावर सगळं मिटलं होतं.

आणि मी दारामागं गेले, खिळ्यावरून कॅलेंडर काढलं आणि साहेबांपुढं ठेवलं.

मी का तसं केलं ते मला त्या दिवशी सांगता आलं नसतं. म्हणजे हात पुढं झाले तेव्हा मी प्रणिताचा विचार करत नव्हते, शेवंताचाही नाही. माझ्या डोळ्यांपुढं ती हसणारी अकरा तोंडं होती. मी लिहिलेलं होतं माझ्याजवळ, मिनिटासकट.

साहेबांनी चष्मा लावला. मग मोठ्यानं, शाळेत धडा वाचतात तसं वाचलं. "नऊ वाजून दोन मिनिटे, सुटले. दहा पन्नास, आले. पोहे दोन वेळा." पानं मागं उलटून आणखी चार तारखा वाचल्या. सगळ्या एक तास दहा मिनिटांच्या. मी लिहिलेलं कुणी मोठ्यानं वाचण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. लाज वाटते सांगायला, पण मी कान देऊन ऐकत होते. कुठं अडखळतात का बघत होते. ते कुठंच अडखळले नाहीत.

फोन चालूच होता. त्यातून शेवंता म्हणाली, "मालन?"

एवढंच. 

"शेवंताबाई," साहेब फोनकडं वाकून म्हणाले, "तुमचं सामान आवरून ठेवा. उद्या दुसरी बाई येईल." आणि बटण दाबलं. मग प्रणिताकडं वळले. "अडतीस मिनिटं. कुठं होता आपण?"

 त्यांनी तीनदा विचारलं. मग त्या तारेत गेलेल्या मुलाचं नाव घेऊन म्हणाले, त्याच्या आईला मी जे सांगितलं ते तुझ्या आईला सांगायची माझी इच्छा नाही. त्या वेळी फक्त तिची हनुवटी हलली. साहेबांनी मग तिला खांद्यावरच्या पट्ट्या काढायला लावल्या, तिथंच, सगळ्यांसमोर. तिची बोटं बटणात अडकत होती, वेळ लागत होता, आणि साहेब घड्याळ बघत होते. निघाल्यावर त्यांनी हात पुढं केला नाही. समोरची बशी बोटानं सरकवली. तिनं त्या पट्ट्या माझ्या पोह्यांच्या खरकट्या बशीत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ट्रंक घेऊन माझ्या दारात आली. मी म्हटलं, चहा घे. ती नको म्हणाली. दारामागच्या रिकाम्या खिळ्याकडं तिनं पाहिलं.

"टिंबं बरोबर दिलीत मावशी," ती म्हणाली. "एकाखाली एक."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मास्तरीण पाटी बघून सांगते तसं सांगितलं तिनं, आणि ट्रंक उचलून फाटकाकडं गेली.

साहेबांनी मला जाड पुठ्ठ्याची एक वही आणून दिली, निळ्या शाईचं पेन, आणि कॅन्टीनसाठी भिंतीवरचं मोठं घड्याळ. म्हणाले, आजपासून येण्याजाण्याच्या वेळा तुम्हीच लिहा वहिनी, ह्या कारट्यांवर माझा भरवसा नाही. खोटं कशाला सांगू, पहिलं पान लिहिताना मला बरं वाटलं होतं. लिंबसांगवीच्या नव्या बाईचा फोन यायचा, "निघालं," आणि खाडकन बंद.

पंधरा दिवसांनी शेवंताचा फोन आला. बाजारातल्या बूथवरून करत होती, मागं गाड्यांचे हॉर्न. मी म्हटलं, गुडघा कसा आहे. तिनं ते ऐकलंच नाही असं केलं.

मग तिनं सांगितलं. प्रणिताची वस्ती रेघेच्या डावीकडं, थोडी आत. पोरगी घर सोडून गेली तेव्हापासून वस्तीवर बोलणं सुरू होतं, की विमान कसलं चालवते, शहरात कुठल्यातरी हॉटेलात आहे, नको ते धंदे करते. पाण्यावर गेलं तर बाया तिच्या आईसाठी जागा सोडायच्या. मान म्हणून नव्हे, अंगाला अंग लागू नये म्हणून. आईनं घराबाहेर पडणं टाकलं होतं. तर पोरीनं निरोप धाडला, की अमुक दिवशी सकाळी साडेनवाला सगळ्यांना खळ्यावर उभं कर, आणि तू तुझी हिरवी साडी नेस, म्हणजे मला वरून ओळखू येईल. दोन फेऱ्या मारते, पंख हलवते, मग बघू कोण बोलतं.

"मला आदल्या दिवशी म्हणली. मी तुला सांगणार होते त्या दिवशी फोनवर. म्हणलं, मालनला कशाला घोर. आल्यावर तीच सांगंल."

"आईनं पाहिलं का?" मी विचारलं.

"पाहिलं की. साऱ्या वस्तीनं पाहिलं. दोन दिवस नीट बोलले लोक. मग पोरगी ट्रंक घेऊन दारात. आता म्हणत्यात, इमानात कोण होतं ते खालून दिसतंय होय. हाकलली असंल तिथूनबी." मग हळू म्हणाली, "हिरवी साडी जाळली म्हणं माउलीनं."

मला काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "मी खरं तेच लिहिलं होतं शेवंता."

"खरं मला तुझ्याआधी ठाऊक होतं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

तीन वर्षांनी शाळा बंद पडली. साहेब पुण्याला गेले. घड्याळ मी घरी आणलं. एक दिवस सुनेला सांगितलं, देवाला जाऊन येते, आणि सकाळच्या गाडीत बसले. औरंगाबादला गाडी बदलली. घाट, गोदावरी, माळरान, जे मी आकड्यांत लिहीत आले ते सगळं खिडकीतून पहिल्यांदा बघितलं. माझ्याजवळ तिचा पत्ता नव्हता. लिंबसांगवीच्या स्टँडवर उतरून कुणाला तरी विचारावं म्हणून उभी राहिले, तर मागून आवाज आला.

"बसा ताई, गरम हायेत."

पोह्यांची गाडी होती. मागं एक बुटकी, सावळी बाई, कपाळावर मोठं कुंकू, एका पायावर भार देऊन उभी. मी मनात तिला उंच धरून चालले होते.

"काय देऊ?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. मला तिचा आवाज जसा ठाऊक होता तसा तिला माझा. एक शब्द बोलले असते तरी ती ओळखणार होती. आठ तास मी काय बोलायचं ते जुळवत आले होते, आणि समोर ती अशी प्रेमानं बघत होती, कुणा परक्या बाईकडं बघावं तशी. मी बोटानं पोह्यांकडं दाखवलं.

"बोलता येत न्हाई का माय?" ती म्हणाली आणि बाकावरच्या गिऱ्हाइकाला सरकायला लावलं. माझी बशी तिनं शिगोशीग भरली, वरून जास्तीचे शेंगदाणे. मुक्या माणसाशी बोलतात तसं मोठ्यानं, हातवारे करून विचारलं, लांबून आलीस का. मी मान हलवली. किती वेळ लागला? मी दोन्ही हातांची आठ बोटं वर केली.

"आठ तास," ती म्हणाली. तिनं ती बोटं जरा वेळ पाहिली. मग पळी घेऊन पोहे परतायला लागली.

खाऊन झालं. पैसे पुढं केले तर तिनं माझी मूठ मिटवून परत केली. हात खरबरीत आणि गरम होता. परतीची गाडी लागली तशी मी उठले. ती गाडीच्या दारापर्यंत लंगडत आली.

"पोचल्यावर फोन कर म्हणले असते गं," शेवंता म्हणाली, "पर तुला बोलता कुठं येतंय."

मी खिडकीशी बसले. गाडी किती वाजता सुटली ते मी पाहिलं नाही.